कूपर्सटाउन : नाव बापाचं, श्रेय भलत्याचं

न्यूयॉर्क राज्यात ओत्सेगो सरोवराच्या दक्षिण टोकाला कूपर्सटाउन हे जेमतेम १,८०० वस्तीचं गाव आहे. त्याच्याविषयी दोन समजुती पक्क्या रुजल्या आहेत. गावाला कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपर यांचं नाव दिलं, ही एक. बेसबॉलचा जन्म इथे झाला, ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत, आणि दोन्हींमागे एकच खोड आहे : प्रसिद्ध माणूस हाती लागला की आधीचा इतिहासही त्याच्याच खात्यावर मांडायचा.

नावाचा निकाल तारखाच लावतात. ही वसाहत १७८६च्या सुमारास विल्यम कूपर यांनी जमीन विकत घेऊन वसवली. त्यांचा मुलगा जेम्स १७८९मध्ये न्यू जर्सीत जन्मला आणि पुढच्या वर्षी कुटुंबासह इथे आला. १८०७मध्ये गावाला कायदेशीर दर्जा मिळाला तेव्हा त्याचं अधिकृत नाव ओत्सेगो होतं; ते १८१२मध्ये कूपर्सटाउन झालं. त्या वेळी जेम्स बावीस-तेवीस वर्षांचे होते आणि त्यांची पहिली कादंबरी यायला आठ वर्षं होती. कुणी म्हणेल, ‘द पायोनियर्स’ या कादंबरीतून गावाला ओळख त्यांनीच दिली ना? दिली, आणि १८५१मध्ये त्यांचा मृत्यूही इथेच झाला. पण ओळख देणं वेगळं आणि नाव देणं वेगळं. शिवाय विल्यम यांनी निर्जन रानात गाव उभारलं, हेही अर्धसत्यच आहे. हा प्रदेश इरोक्वा या मूळनिवासी लोकांचा होता. त्यांच्याविरुद्धच्या मोहिमेसाठी १७७९मध्ये जनरल जेम्स क्लिंटन यांनी याच सरोवराच्या मुखाशी बांध घातला आणि तो फोडून त्या लोंढ्यावर नावा सस्क्वेहाना नदीत सोडल्या. गावाच्या इतिहासात हे पान आधी यायला हवं.

बेसबॉलची कथा तर एका साक्षीवर उभी आहे. खेळ अस्सल अमेरिकी आहे की इंग्रजी राउंडर्समधून आला, हा वाद मिटवायला १९०५मध्ये मिल्स आयोग नेमला गेला. अ‍ॅब्नर ग्रेव्ह्ज नावाच्या एका गृहस्थांनी आयोगाला पत्राने कळवलं, की हा खेळ कूपर्सटाउनमध्ये अ‍ॅब्नर डबलडे यांनी शोधला. आयोगाने १८३९ हे साल धरून ते मान्य केलं. त्या साली ग्रेव्ह्ज पाच वर्षांचे होते आणि डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते. पुढे यादवी युद्धात जनरल म्हणून गाजलेल्या डबलडे यांनी स्वतः असा दावा कधीच केला नाही. उलट ‘बेस-बॉल’ हा शब्द लंडनमध्ये १७४४ साली निघालेल्या मुलांच्या पुस्तकात आहे, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डने १७९१मध्येच सभागृहाच्या खिडक्या वाचवण्यासाठी त्याजवळ हा खेळ खेळायला बंदी घातली होती. मग बेसबॉलचं संग्रहालय इथेच का? शिलाई मशीनच्या व्यवसायातून श्रीमंत झालेल्या क्लार्क कुटुंबातल्या स्टीफन क्लार्क यांनी मंदीच्या काळात गावाला आधार म्हणून त्यासाठी पुढाकार घेतला. १९३९मध्ये, त्या कल्पित शताब्दीला, ते उघडलं. त्याच्या हॉल ऑफ फेममध्ये डबलडे यांची निवड मात्र कधीच झालेली नाही.