प्राण्यांची परीक्षा, माणसाचे हृदय

नवे औषध बाजारात येण्यापूर्वी प्राण्यांवर तपासलेले असते, या भरवशावर सामान्य माणूस ते निर्धास्तपणे घेतो. हा भरवसा खोटा नव्हे, परंतु तो अपुरा आहे. टर्फेनाडीनचा इतिहास याची साक्ष देतो.

शिंका व अंगावरील खाज थांबवणारे, तरीही झोप न आणणारे हे औषध अमेरिकेत १९८५ साली मान्य झाले. यकृत त्याचे झपाट्याने निरुपद्रवी द्रव्यात रूपांतर करीत असे. मात्र जोडीला एरिथ्रोमायसिन किंवा किटोकोनॅझोल घेतले, की यकृताचे हे काम अडे आणि मूळ औषध रक्तात साचे. हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडण्याची वाट ते रोखी. प्रत्येक ठोक्यानंतर पूर्वस्थितीवर येण्यास हृदयाला विलंब होई आणि क्वचित लय बिघडून मृत्यू ओढवे. १९९८ मध्ये त्याची तेथील मान्यता संपली.

उंदरावरील प्रयोगात असा धोका सहज निसटतो. मिनिटाला पाचशेहून अधिक ठोके देणारे त्याचे हृदय या वाटेवर फारसे विसंबून नसते. म्हणूनच कुत्रा, ससा व गिनीपिग यांची निवड होते. २००५ साली यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही ठरली. तथापि प्रयोगशाळेतील प्राणी बहुधा निरोगी असतो आणि त्याला एकच औषध दिलेले असते. रुग्ण मात्र वयस्क असतो, एकाच वेळी चार गोळ्या घेत असतो.

उलट, फाजील सावधगिरीलाही किंमत असते. व्हेरापामिल हे औषध पोटॅशियमची तीच वाट रोखते. पण कॅल्शियमची वाटही अडवीत असल्याने हा धोका सहसा उद्भवत नाही. एकाच निकषावर ते नाकारले असते, तर हृदयरुग्ण एका उपयुक्त औषधाला मुकले असते.

तेव्हा प्रयोगशाळेतील परीक्षा हा आरंभ होय, शेवट नव्हे. जठरातील आम्ल घशाशी येण्यावरील सिसाप्राइड याच दोषामुळे अमेरिकेत २००० साली सर्रास विक्रीतून गेले. भारतात त्यावर बंदी आली ती २०११ मध्ये. ही अकरा वर्षे प्राण्यांच्या प्रयोगातील उणीव दाखवीत नाहीत. ती विक्रीनंतरच्या देखरेखीतील ढिलाई दाखवितात. तपासणीचा खर्च उत्पादक किमतीतून वसूल करतो. न झालेल्या देखरेखीचा खर्च मात्र रुग्णाच्या कुटुंबाला सोसावा लागतो, आणि तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. भारतात २०१० साली औषधदक्षता कार्यक्रम सुरू झाला आहे. डॉक्टर व औषधविक्रेते यांनी दुष्परिणामांची नोंद त्याच्याकडे नियमाने पाठविली, तरच पुढचा इशारा वेळेवर मिळेल.