लाल पट्ट्याचे तीन हात

माकणीतल्या घराच्या दर्शनी भिंतीवर भडक लाल पट्टा हवा, हा आईचा हट्ट. पेंटरमामांना घेऊन लोहाऱ्याच्या दुकानात गेलो. बदामी रंगासाठी दुकानदारानं पांढऱ्या बेसचा डबा मशीनखाली ठेवला, चार-दोन थेंब पडले, काम झालं. लालसाठी मात्र बेसच दुसरा निघाला. तो नुसता दुधाळ होता. त्यात लाल धार पडतच राहिली. बिल बदामीपेक्षा कितीतरी जास्त.

पांढऱ्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असतं. भिंत झाकते ती त्यानं. लालमध्ये ते घातलं की गुलाबी होणार. मग झाकायचा सगळा भार लाल रंगद्रव्यावरच येतो, आणि कारखान्यात एकेक रासायनिक पायरी चढवत बनवलेलं हे द्रव्य महाग तर असतंच, झाकायलाही कच्चं. पहिल्या हातानंतर खालची पुट्टी डोकावत होती. मामा ब्रश निथळवत म्हणाले, "अजून दोन हात बसतेत बघा." म्हणजे रंग महाग आणि मजुरीही वाढली.

त्याच दिवशी गेटला मारलेला रेड ऑक्साइड एकाच हातात गच्च बसला. तो लोखंडाचा ऑक्साइड, गंजाचा भाऊबंद. तुळशीकट्ट्याला लावतो त्या गेरूतही हेच. मातीनंच तयार करून ठेवलेला, म्हणून स्वस्त. पण त्याला हळदीकुंकवाच्या लालीची धग नाही, हे आईचं म्हणणं मला पटतं.

पिवळ्याचं दुखणं वेगळं. जुन्या पिवळ्यात शिशाचं क्रोमेट असे. स्वस्त, झाकायला पक्कं, पण विषारी. 2017 पासून आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम आहे. लहान पोरं भिंतीचे पोपडे तोंडात घालतात, त्यामुळे शिसं टाळण्याचा वाढीव खर्च मला मुळीच खटकत नाही.

मागच्या भिंतीला चुना होता. आईनं बादलीत नीळ कालवली. पुडीतली ही निळी भुकटी म्हणजे अल्ट्रामरीन. एकेकाळी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला लाजवर्द दगड कुटून, धुऊन ती काढत आणि युरोपातले चित्रकार तिला सोन्याच्या तोलाचा भाव देत. स्वस्त कृत्रिम निळ्यासाठी 1824 मध्ये फ्रान्समध्ये 6000 फ्रँकचं बक्षीस लावलं गेलं. 1828 मध्ये ते गिमे या रसायनतज्ज्ञांना मिळालं. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजला की ही कृत्रिम नीळ तयार होते. चुन्याच्या तिखटपणातही ती टिकते.

आईनं काठीनं बादली ढवळली, बोट बुडवून भिंतीवर ओढलं. "जरा जास्तच झाली," म्हणाली, आणि आणखी चुना ओतला.