चहा-कॉफीची साखर आणि पोहून आलेली खाज

उन्हाळ्याच्या सुट्टीत रिठदला विहारात महिलांची बैठक होती. विषय होता अंगात रक्त कमी असण्याचा. पण सगळ्या जमेपर्यंत गप्पा रंगल्या भलत्याच. एकीच्या कॉलेजातल्या मुलीने मोबाईलवर पाहून वजन उतरवण्यासाठी सकाळचे खाणे सोडले आणि नुसती काळी कॉफी सुरू केली. दुसरीचा मुलगा मामाकडे शहरात गेला, स्विमिंग पूलमध्ये मनसोक्त पोहला आणि अंग खाजवत परत आला. “ताई, पान्यातली पावडर अंगाले लागली काय?” असे तिने विचारले. हे प्रश्न घरोघरचे आहेत, म्हणून या वेळी तेच घेत आहोत.

कपातून किती जाते?

बिनसाखरेच्या काळ्या कॉफीत पाच कॅलरीसुद्धा नसतात. वजन वाढवते ती साखर आणि दूध. एक ग्रॅम साखर म्हणजे ४ कॅलरी, भरलेला चमचा म्हणजे सुमारे २०. म्हशीचे थोडे दूध आणि दोन चमचे साखर घातली की एक कप ८०-९० कॅलरीवर जातो. शेतावर, पाहुण्यांकडे, बैठकीत असे दिवसाला पाच कप सहज होतात. म्हणजे चारशेच्या वर कॅलरी, ज्वारीच्या दोन भाकरींएवढ्या. भाकरीतून निदान लोह आणि चोथा तरी मिळतो, साखरेतून काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घेतलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत असावी, २५ च्या आत राहिली तर उत्तम. पाच कपांतच ५० ग्रॅम भरतात. साखरेऐवजी गूळ घातला तरी हिशेब जवळपास तोच.

पण त्या मुलीचा प्रश्न कॅलरीचा नव्हताच. आम्ही तिला रक्त तपासायला लावले. हिमोग्लोबिन निघाले ८.६, हवे १२. चक्कर, दम लागणे याला घरचे ‘अभ्यासाचा ताण’ म्हणत होते. चहा-कॉफी जेवणासोबत किंवा लगेच नंतर घेतली तर अन्नातले लोह अंगाला कमी लागते. म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा. लोहाची गोळी चहासोबत कधीच घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. पोट रिकामे ठेवून वजन उतरवणे आपल्या मुलींना परवडणारे नाही.

पूलचे पाणी आणि अंगाची खाज

पूलमध्ये जंतू मारायला क्लोरीन टाकतात. तेच काम आपल्या गावच्या विहिरीत टीसीएल पावडर करते. क्लोरीनने अंगावरचे नैसर्गिक तेल निघून जाते, कातडी कोरडी पडते आणि खाजते. पूलचा तो उग्र वास नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळून जे तयार होते, त्याचा तो वास. डोळे चुरचुरतात तेही त्यामुळेच. म्हणून पाण्यात उतरण्याआधी अंघोळ करायची, लघवीला जाऊन यायचे. बाहेर आल्यावर साध्या पाण्याने अंग धुवायचे, ओले कपडे लगेच बदलायचे आणि अंग किंचित ओलसर असतानाच खोबरेल तेल लावायचे. एवढ्याने बहुतेकांची खाज एक-दोन दिवसांत थांबते.

गुरे धुतात त्या तळ्यात पोहून बारीक लाल पुरळ आले, तर ते पाण्यातल्या गोगलगायींमधून निघणाऱ्या सूक्ष्म जंतूंमुळे असू शकते. हे पुरळ सहसा आपोआप बरे होते. बाहेर येताच अंग टॉवेलने खसखसून पुसावे, पुरळ खाजवू नये. विहिरीत टीसीएल टाकली असेल त्या दिवशी मुलांना उतरू देऊ नका. पिण्याच्या विहिरीत तर कधीच नको.

ट्यूब घेण्याआधी थांबा

त्या मुलाच्या आईने मेडिकलमधून एक ट्यूब आणली होती. आम्ही अंग पाहिले तर जांघेत गोल चट्टे, कडा लाल. ही पाण्याची खाज नव्हती, गजकर्ण होते. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते. अशा ट्यूबने दोन दिवस बरे वाटते, मग गजकर्ण पसरते, कातडी पातळ होते आणि नंतर साधे औषधही लवकर लागू पडत नाही. गोल चट्टे असतील, घरात दोघा-तिघांना खाज असेल, रात्री खाज वाढत असेल, पू किंवा ताप असेल तर सरकारी दवाखाना गाठा. टॉवेल आणि चड्डी प्रत्येकाची वेगळी ठेवा आणि उन्हात वाळवा.

“आता याले पान्यात जाऊच देत नाही,” ती माउली म्हणाली. आम्ही म्हटले, असे करू नका. पाण्याला हात लावता यावा म्हणून १९२७ साली आपली माणसे महाडला चवदार तळ्यावर गेली होती. लेकराला पोहू द्या. फक्त सोबत पोहणारे मोठे माणूस असू द्या आणि आल्यावर अंग धुवायला लावा.

त्या दिवशी बैठकीतला चहा एकेक चमचा साखरेचा झाला. कुणी तक्रार केली नाही.