कॅलेंडरवरची उचल

वयात आलेल्या मुलांना देवाधर्माचं काही सांगायला बसावं, की ती कान मिटून घेतात. तुमच्याकडे जशी दिवेलागणीची शुभंकरोती, तशी आमच्या मराठी ख्रिस्ती घरात रात्रीच्या जेवणानंतरची कौटुंबिक प्रार्थना. थोरला सोळाचा, धाकटी तेराची. लहान असताना दोघं हात जोडून बसत. आता थोरल्याचा एक डोळा मिटलेला असतो, दुसरा मोबाइलवर!

मी अर्धवेळ मराठी शिकवते, त्यामुळे पहिला उपाय सुचला तो पाठ्यपुस्तकातलाच. रेव्हरंड ना. वा. टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य’ तुमच्यापैकी कितीजणींनी शाळेत डोळे पुसत वाचली असेल. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन काही सोडलं नाही. लोकांच्या कानाला जे सवयीचं, त्यातूनच त्यांनी ख्रिस्त सांगितला. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. मुलांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि जांभई दिली.

मग म्हटलं, यांच्या कानाला सवयीचं काय? सिनेमा. एका शनिवारी दादरच्या आमच्या दीड खोल्यांत चौघांनी मिळून ‘अमर अकबर अँथनी’ पाहिला. तिघं भाऊ एकाच वेळी एका बाईला रक्त देतात, तो प्रसंग आला आणि धाकटी खो खो हसत सुटली. “आई, असं रक्त देता येतं का कुठे?” मी एवढंच विचारलं, “ती बाई आपली कोण, हे त्यांना ठाऊक होतं का?” ती थांबली. थोड्या वेळानं तीच म्हणाली, “चांगल्या शोमरोन्यासारखं.” मी तोंड उघडलं नाही. आपण अर्थ सांगायला लागलो, की सिनेमाची शाळा होते.

एवढ्यावर मी फार खूश होते. पण सप्टेंबरात माझीच परीक्षा झाली.

आमच्याकडे भांडी-लादीला येणाऱ्या मावशींनी जूनमध्ये मुलीच्या फीसाठी चार हजारांची उचल घेतली होती. महिना तीन हजार पगार, त्यातून दरमहा पाचशे कापायचे ठरलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर उचल आणि खाडे मी न चुकता लिहून ठेवते. प्रभूच्या प्रार्थनेत आमच्या मराठी बायबलात अपराधाला ‘ऋण’ असा शब्द आहे. आम्ही आमच्या ऋणकऱ्यांना सोडलं, तसं तू आम्हाला सोड, असा त्याचा भाव. त्या रात्री आमेन झालं आणि थोरला म्हणाला, “आई, आपण रोज हे म्हणतो. मग मावशींचे पाचशे कशाला कापतेस?”

अहो, मी भडकलेच! “तुझ्या क्लासची फी आभाळातून पडते का?” ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. रात्री झोप येईना. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला तो चाकर आठवला. स्वतःला दहा हजार तालांताचं कर्ज माफ झालेलं, आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरणारा. एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस. शंभर दिवसांची मजुरी काही किरकोळ रक्कम नव्हे, हे मी रविवारच्या वर्गात मुलांना कितीदा सांगितलं असेल. माझे राहिले होते तीन हजार.

सकाळी मुलांना म्हटलं, “सोडू या. पण घरखर्चातूनच जाणार, तेव्हा तुमचाही वाटा.” थोरला बॅटसाठी पैसे साठवत होता. दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी “चालेल,” म्हणाला, पण चेहरा पाडूनच. त्यात मला गैर वाटलं नाही. माझाही पडलेलाच होता.

मावशींना सांगितलं, तर त्यांनी विळी-भांडी खाली ठेवली. “नको ताई. घेतलं ते मी फेडणार. फुकटचं नको.” मग जरा थांबून म्हणाल्या, “फक्त ते ऑगस्टातले चार खाडे... ताप होता मला. ते कापायला नको होतं.”

मी गप्पच झाले. आम्हाला शाळेत आजारपणाची रजा मिळते.

थोरल्यानं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, ऑगस्टचं पान उलटलं. चार फुल्या, शंभराप्रमाणे चारशे. “म्हणजे मावशींचं देणं आपल्याकडे होतं,” तो म्हणाला. मी आहे असं म्हटलं, आणि मुलांसमोरच मावशींना, “चुकलं माझं,” म्हटलं. सोपं नाही हो ते! मावशी नुसत्या हसल्या आणि भांड्यांकडे वळल्या.

त्या महिन्यात पाचशेऐवजी शंभरच कापले. आता महिन्याला दोन दिवस पगारी सुट्टी, आजारपणाचे खाडे वेगळे आणि तेही बिनकापीचे. कॅलेंडर लिहायचं काम थोरल्यानं स्वतःकडे घेतलं आहे. अक्षर वाईट आहे, पण हिशेब चोख. प्रार्थनेला मोबाइल अजून जवळच असतो.