मोटारीचा विजेचा डोळा

आमचे आप्पा दुधाचा टेंपो चालवतात. पहाटे तीनला ते घरून निघतात. मागल्या श्रावणात समोरून एक गाडी अप्पर लाइट टाकून आली. आप्पांचे डोळे दिपले आणि टेंपो चारीत गेला. आप्पा वाचले, पण दूध सगळं सांडलं. तेव्हापासून ते निघाले की आई जागीच राहते.

अप्पर म्हणजे लांब पडणारा उजेड आणि डिपर म्हणजे खाली पडणारा उजेड.

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे गेलो होतो. मामा मोटारी दुरुस्त करतो. मी विचारले, "मामा, समोर गाडी दिसली की आपोआप डिपर होईल असं यंत्र नाही का रे?" मामा म्हणाला, "अरे, ते तुझे आजोबा लहान होते तेव्हापासून आहे!" मग त्याने एका जुन्या अमेरिकन मोटारीचे चित्र दाखवून मला माहिती सांगितली. ती अशी.

अमेरिकेत जनरल मोटर्स ही मोठी कंपनी आहे. तिने १९५२ साली कॅडिलॅक व ओल्ड्समोबिल या मोटारींसाठी एक साधन काढले. त्याचे नाव ऑट्रॉनिक आय. आय म्हणजे डोळा. ते सगळ्या मोटारींना नसे. ज्याला पाहिजे त्याने जादा पैसे भरायचे, मग कारखान्यातून बसवून मिळे.

तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टेअरिंग डावीकडे असते. म्हणून हा डोळाही पुढच्या काचेच्या आत डावीकडे बसवलेला असे. त्याच्या आत एक काचेची नळी होती. तिच्यावर समोरचा उजेड पडला की थोडीशी वीज वाहू लागे. ती वीज यंत्र वाढवी आणि दिवे डिपर होत. गाडी निघून गेली की परत अप्पर! एरवी हे काम ड्रायव्हरला पायाने बटण दाबून करावे लागे.

पण डोळ्याला डोकं नव्हतं. समोरची गाडी कोणती आणि रस्त्यावरचा दिवा कोणता, हे त्याला समजत नसे. म्हणून तो कधी कधी फसायचा.

१९५६ साली क्रायस्लर कंपनीच्या मोटारीत तर गाण्याच्या तबकड्या वाजवायचे यंत्र मिळे. पण त्याच्या तबकड्या वेगळ्या असत. बाजारातल्या नेहमीच्या तबकड्या त्यावर चालत नसत. म्हणून ते लवकर बंद पडले. हे ऐकून मला हसू आले. डोळ्याचे मात्र हसू आले नाही.

अशी साधने आधीच थोड्या लोकांनी घेतली, त्यातली बरीच बिघडली. म्हणून आता ती दुर्मिळ आहेत. जुन्या मोटारींचे शौकीन ती शोधत फिरतात.

आजच्या काही नव्या मोटारींत हे काम कॅमेरा करतो. आमचा टेंपो जुना आहे. आप्पा म्हणतात, "आपला हात आहे की! मी डिपर देतोच." पण समोरच्यानेही द्यायला पाहिजे ना?

म्हणून सर्व पालकांना माझी विनंती आहे. रात्री समोर गाडी दिसली की डिपर द्या. त्या गाडीत कुणाचे तरी आप्पा असतात.

– इयत्ता ४ थी