खारेपाटातील ‘जमीन’ : एका शब्दाचे दोन अर्थ

विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा २००५ मध्ये संमत झाला. त्यानंतर रायगड जिल्ह्यातील उरण, पेण व पनवेल तालुक्यांत ‘महामुंबई सेझ’साठी सुमारे दहा हजार हेक्टर जमीन संपादित करण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्याला झालेल्या विरोधाचे आकलन केवळ मोबदल्याच्या दरावरून होत नाही. ‘जमीन’ या शब्दाचा स्थानिक अर्थ लक्षात घ्यावा लागतो.

पेणच्या खारेपाटातील शेती निसर्गदत्त नाही. भरतीचे पाणी बांध घालून अडवावे, पावसाने मातीतील खार धुऊ द्यावा, बांध फुटल्यास गावाने तो पुन्हा घालावा, अशा सामूहिक श्रमांतून ती घडली आहे. भूसंपादनाची तेव्हाची परिभाषा सातबारावरील क्षेत्र व खातेदार ओळखत असे. बांधावर राबणाऱ्या भूमिहीनाला आणि खाडीत मासे धरणाऱ्याला तीत जागा नव्हती. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील गावांचा आक्षेप याहून वेगळा होता : सिंचनासाठी राखलेली जमीन उद्योगासाठी का घ्यावी?

या प्रतिकाराला पूर्वपरंपराही होती. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी खोतीविरुद्ध १९३३ ते १९३९ असा दीर्घ संप केला होता. सेझविरोधी लढ्याचे नेतृत्व प्रा. एन. डी. पाटील यांनी केले. २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने २२ गावांत शेतकऱ्यांचे मत अजमावले. पुढे संपादन पूर्णत्वास गेले नाही. ‘किंमत किती?’ या प्रश्नाआधी ‘संमती आहे काय?’ हा प्रश्न येतो, हे मात्र त्या मतदानाने अधोरेखित केले.