अलार्म ओरडतो, डीलर गप्प!

ठाणे पूर्वेच्या कोपरीत दुचाक्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. तिथे कंपनीनेच बसवलेला अलार्म सतत ‘खोटा’ वाजू लागला तर?

का वाजतो? सेन्सर कंपन किंवा गाडीचा कल टिपतो. शेजारच्या गाडीचा धक्काही त्याला पुरतो. संवेदनशीलता कमी करता येते का, ते माहितीपुस्तिकेत पाहा.

बॅटरी का उतरते? गाडी बंद असतानाही अलार्म जागा असतो. त्याने ५ मिलिअँपिअर प्रवाह घेतला, तर ४ अँपिअर-तासांची बॅटरी साधारण महिन्याभरात रिकामी होते.

सर्व्हिस सेंटरमध्ये तक्रार तोंडी सांगू नका, जॉबकार्डवर लिहून घ्या आणि प्रत ठेवा. अलार्म वाजतानाचा व्हिडिओ दाखवा. बाहेर वायर कापून घेतल्यास वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

तरीही दाद नाही? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : १९१५. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. डीलर दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही.